भरवण्याचा हट्ट

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पत्नीला कुंडईच्या कारखान्यात संध्याकाळची पाळी लागल्यापासून मुलीचे रात्रीचे जेवण तुझ्याकडे आले आहे, वाटीभर भाताला तासभर लागतो आणि तोही समोर मोबाईल लावल्याखेरीज घशाखाली उतरत नाही, असे तू लिहितोस. चौथीत असताना तू डब्यातली भाजी बाकाखाली सोडायचास, हे मला चांगले आठवते. लेकीला मात्र हे एवढ्यात सांगू नकोस.

ती अडीच वर्षांची आहे, हे आधी लक्षात घे. जन्माच्या वेळचे वजन पहिल्या वर्षात जवळजवळ तिप्पट होते, पण दुसऱ्या वाढदिवसानंतर ते वर्षाला साधारण दोन किलोच वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते, आणि नेमक्या त्याच वयात मुले नव्या पदार्थाकडे संशयाने पाहू लागतात. घरातल्यांना वाटते, पोर सुकली. ती खरोखरच सुकली आहे का, हे अंगणवाडीच्या वजनकाट्यावरून आणि वाढीच्या तक्त्यावरून कळते, शेजारणीच्या उद्गारावरून नव्हे. वजन दोन-तीन महिने वाढलेच नाही, किंवा गिळताना ती वारंवार ठसकू लागली, तर डॉक्टरांकडे जा. एरवी घास मोजणे बंद कर.

काय वाढायचे, केव्हा वाढायचे आणि कुठे बसून जेवायचे, हे तू ठरव. किती खायचे, हे तिला ठरवू दे. माझा सगळा सल्ला एवढाच आहे, आणि तो पाळणे किती कठीण आहे हे मी स्वतःच्या घरात शिकले. थोरल्याला मी अंगणभर फिरवून, कावळा-चिमणी दाखवून भरवले. पोट भरल्याची खूण त्याची त्याला कळूच दिली नाही, आणि पाचवे वर्ष उजाडले तरी तो स्वतःच्या हाताने जेवत नव्हता. मोबाईल ही त्याच कावळ्या-चिमणीची नवी आवृत्ती आहे. तो एकदम बंद केलास तर पहिले तीन-चार दिवस रडारड होईल आणि ती कमी जेवेल. तेवढे सोस. अर्ध्या तासाने ताट शांतपणे उचल. तिला रागावू नकोस आणि ताटाच्या जागी बिस्किटेही देऊ नकोस.

आता तिच्या संध्याकाळचा हिशेब मांडू. पाच वाजता पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, पाव येतो आणि आजी तो बशीतल्या चहात बुडवून देते. साडेसहाला पेलाभर दूध होते. आठ वाजता तू भात घेऊन बसतोस. तिला भूक लागायची तरी केव्हा? चहामुळे अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही, त्यामुळे या वयात चहा नकोच. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत असावे, नाहीतर पोट दुधानेच भरते आणि लोहाची उणीव राहते. पाचच्या खाण्यात नाचणीचे सत्त्व, केळे किंवा उकड्या तांदळाची घट्ट पेज असू दे. धान तुसासकट उकडताना कोंड्यातली काही जीवनसत्त्वे दाण्यात मुरतात, म्हणून उकडा तांदूळ पांढऱ्या तांदळापेक्षा सरस ठरतो. आपल्या आज्यांना कारण ठाऊक नसले तरी पेज ठाऊक होती. आईला हे सांगताना मात्र जपून सांग. 'तुझ्या हातची पेज तिला हवी आहे' असे म्हटलेस तर चहाची बशी आपोआप मागे पडेल.

दुधात घालायच्या भुकट्यांविषयी तू विचारले आहेस. डब्यावरची घटकांची यादी वाच. जो घटक वजनाने सर्वांत जास्त, तो आधी छापलेला असतो. पहिल्या दोन-तीन नावांत साखर दिसली, तर डबा दुकानातच राहू दे.

भाजीचे काम सावकाशीचे आहे. एखादी चव ओळखीची व्हायला मुलांना ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते, आणि आपण तिसऱ्या नकारालाच 'हिला तांबडी भाजी आवडत नाही' असा शिक्का मारून मोकळे होतो. ताटाच्या कडेला चमचाभर वाढ, तीच भाजी तू तिच्यासमोर चवीने खा आणि गप्प राहा. 'भाजी संपव, मग चॉकलेट देतो' हा सौदा तर मुळीच नको, कारण त्यातून भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, एवढेच मूल शिकते. चतुर्थीला नेवऱ्या (करंज्या) खुशाल खाऊ दे. सणाचे गोड सणाला मिळावे, ते कशाच्या मोबदल्यात मिळू नये.

एक प्रयोग करून पाहा. रात्री तिच्याच हातांनी मूग भिजत घाल, सकाळी फडक्यात बांध आणि दुसऱ्या दिवशी फडके तिलाच सोडू दे. मोड पाहून तिला जे नवल वाटेल, ते कोणत्याही व्हिडिओत नाही. मग मुगागाठीसाठी, म्हणजे मोडाच्या मुगांच्या रश्शासाठी, मोड आलेले मूग पाण्यात घालून दोघांनी मिळून साली काढा. तिच्याने दहा दाणेही सोलून होणार नाहीत, स्वयंपाकघरात पाणी सांडेल, तुला उशीर होईल. पण स्वतः सोललेला दाणा मूल तोंडात टाकून पाहते, हे मी बालवाडीत पुष्कळदा पाहिले आहे. तिखट तुमच्यासाठी नंतर घाल.

मासळीचे म्हणशील तर बांगड्याचा काटा नीट काढून भातात कालवून दे. श्रावणात घर शिवराक (शाकाहारी) असेल तेव्हा कुळीथ, अळसांदे (चवळीसारखे कडधान्य) आणि डाळी यांवर भर दे. अख्खे शेंगदाणे मात्र इतक्यात नकोत, ते घशात अडकतात; कूट करून घाल.

येत्या रविवारी तिला फोंड्याच्या बाजारात घेऊन जा आणि कोणतीही एक भाजी तिला निवडू दे. तिने काय उचलले आणि मुगागाठीचे काय झाले, ते कळव.

तुझ्या,
बाई