वाचकांचे प्रश्न : काचेपलीकडचा जवान

प्रश्न : मी अकरावी-बारावीला कविता शिकवते. मुली विचारतात, युद्धातली भीषणता सरळ सांगायची सोडून कवी प्रतिमा का वापरतात?
– एक शिक्षिका, मुलुंड

उत्तर : बाई, मुलींना माझी शाबासकी सांगा. पहिल्या महायुद्धात लढलेल्या विल्फ्रेड ओवेन या इंग्रज कवीची विषारी वायूवरची कविता वर्गात घ्या. पहिल्याच ओळीत जवान पोती पाठीवर घेतलेल्या म्हाताऱ्या भिकाऱ्यांसारखे वाकलेले दिसतात. गणवेशाचा सारा रुबाब तिथेच गळून पडतो. मग वायू येतो. एकाला मुखवटा वेळेत चढवता येत नाही, आणि कवी स्वतःच्या मुखवट्याच्या धुरकट काचेतून, दाट हिरव्या उजेडात, त्याला बुडताना पाहतो. कोरड्या जमिनीवर, समुद्रात बुडावं तसा! ‘वायूनं मेला’ ही बातमी झाली. ‘बुडाला’ म्हटलं की आपलाच श्वास अडकतो. त्या काचेपाशी जरा थांबा. समोरचा तडफडतोय, पण हात पोचत नाही.

ओवेन हे सगळं भोगून लिहीत होता. ४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्धबंदीच्या अवघ्या आठवडाभर आधी, तो मारला गेला. वय २५.

माझी आजी मुंबईत मशीद बंदरला राहायची. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं, त्याबद्दल बोलताना तिनं मेलेल्यांचा आकडा कधीच सांगितला नाही. फडताळातल्या पितळी वाट्या कितीतरी वेळ एकमेकींवर वाजत राहिल्या, एवढंच म्हणायची, आणि दोन्ही हात कानांवर न्यायची.