शब्द-चालीचेही पैसे असतात

प्रश्न : स्वतः लिहिलेली, चाल लावलेली आणि घरीच रेकॉर्ड केलेली माझी पाच मराठी गाणी स्पॉटिफायवर आहेत. एक बऱ्यापैकी चाललं, बाकीची वर्षभरात काही शे स्ट्रीमवरच अडली. पैसे अगदीच किरकोळ. आता एक कंपनी पाचही गाणी एकरकमी विकत मागते आहे. देऊन टाकू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : इतक्यात सही करू नका. मी स्टुडिओत मिक्सिंग करतो. गुणी पोरं असे करार करताना पाहिली की जीव तुटतो.

स्पॉटिफाय दर स्ट्रीमला ठरावीक भाव देत नाही. वर्गणी आणि जाहिरातींतून जमलेल्या रकमेतला वाटा, एकूण ऐकण्यात तुमचा हिस्सा किती त्यावर ठरतो. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे तुमची गाणी ॲपवर चढवणाऱ्या कंपनीच्या, रिपोर्टमधला देशांचा रकाना बघा. इथल्या फुकट ऐकणाऱ्यापेक्षा वर्गणी भरणारा लंडनचा श्रोता कितीतरी जास्त देऊन जातो. त्यात २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत १००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला स्पॉटिफायवर रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. तुमची चार गाणी त्यातच अडकली. नवख्यांवर हा सरळ अन्याय आहे, असं माझं मत.

पण डिस्ट्रिब्युटरकडून येतो तो फक्त रेकॉर्डिंगचा पैसा. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा. त्याची रॉयल्टी आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ही गीतकार-संगीतकारांची संस्था गोळा करते. ॲपकडून, रेडिओ-टीव्हीकडून, जाहीर कार्यक्रमांतूनही. सभासद व्हा आणि पाचही गाणी नोंदवा. नोंदच नसेल तर पैसा तुमच्यापर्यंत पोचणार कसा? रक्कम लगेच मोठी होणार नाही, पण हक्काची आहे.

२०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा हक्क कंपनीला देऊन टाकताच येत नाही. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत तळमळीने बोलले होते. रेकॉर्डिंगला मात्र हे कवच नाही. मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, विकलं की गेलं. करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे शब्द शोधा. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, म्हणून ती बहुतेक लिहिलेली असतेच. विक्रीऐवजी तीन वर्षांचं लायसन्स आणि उत्पन्नात टक्केवारी मागा. एखाद्या चालीत मित्राचा हात असेल, तर आयपीआरएसकडे नोंदवण्याआधी त्याचा टक्का लेखी ठरवून घ्या.