हाराजुकूला किती वेळ द्यावा?

प्रश्न : मी भुसावळची. मार्चअखेरीस आम्ही जपानला जात असून टोकियोत चार दिवस मुक्काम आहे. एकोणीस वर्षांची लेक तिथल्या हाराजुकू या तरुणांच्या वेशभूषेसाठी प्रसिद्ध भागासाठी अख्खा दिवस मागते. यजमानांचे म्हणणे असे, की कपड्यांचा बाजार जळगावच्या फुले मार्केटातही आहे. तिथे एवढे पाहण्यासारखे काय आहे? खरेदी करावी का?

उत्तर : ताई, अख्खा दिवस नको, पण सकाळ ते दुपार हा वेळ लेकीला अवश्य द्या आणि आपणही सोबत जा.

हाराजुकू स्थानकाच्या ताकेशिता दारासमोरच ताकेशिता-दोरी ही अरुंद, उतरती गल्ली सुरू होते. लांबी जेमतेम ३५० मीटर, परंतु रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मधल्या वारी, दुकाने उघडताना, दहा-अकराच्या सुमारास पोहोचावे. या गल्लीचे महत्त्व मालात नाही, तरुणांनी तिला जे रूप दिले त्यात आहे. १९७७ पासून रविवारी इथला मोठा रस्ता वाहनांना बंद होऊ लागला, तेव्हा भडक रंगांचे घोळदार झगे घातलेली मुले-मुली तिथे घोळक्याने नाचू लागली. ते झगे ताकेशितातल्या ‘ताकेनोको’ नावाच्या दुकानातले, म्हणून त्यांना ‘ताकेनोको-झोकु’ हे नाव पडले. पुढे मुले जुने कपडे उसवून, जोडून, एकावर एक चढवून स्वतःची वेशभूषा स्वतःच घडवू लागली. १९९८ मध्ये तो वाहनमुक्त रविवार बंद झाला. आज पावलोपावली असे वेश दिसतील, ही अपेक्षा लेकीने ठेवू नये. मात्र कोणी दिसले, तर विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये, कारण ती माणसे प्रदर्शनातल्या वस्तू नव्हेत.

खरेदीबाबत माझे मत स्पष्ट आहे. ताकेशितातला बराचसा माल स्वस्त, हौसेचा आणि अल्पायुषी आहे. एखादी क्लिप, मोजे एवढ्यावर थांबावे. खरी मौज मागच्या गल्ल्यांत, विशेषतः झाकलेल्या शिबुया नदीवरून वळणे घेत जाणाऱ्या कॅट स्ट्रीटच्या परिसरात आहे. आपल्याकडे जुने कपडे बोहारणीला देऊन भांडी घेण्याची रीत. इथे तेच कपडे पारखून, हारीने टांगून विकले जातात आणि मुले त्यांतून तासन्‌तास निवड करतात. घासाघीस मात्र करू नये. जपानी मापे आपल्यापेक्षा लहान असतात, त्यामुळे घालून पाहावेच. कपडे घालून पाहण्याच्या खोलीत शिरताना पादत्राणे काढावीत, आणि चेहऱ्यावरचा रंग कपड्याला लागू नये म्हणून दिलेले पातळ आवरण डोक्यावरून घ्यावे.

इथले क्रेप, म्हणजे गोड सारण भरून गुंडाळलेली पातळ धिरडी, प्रसिद्ध आहेत, परंतु पिठात बहुधा अंडे असते. आपण शाकाहारी असाल तर आधी विचारावे. रस्त्यात कचरापेट्या फारशा नसल्याने तिथेच उभे राहून खावे आणि कागद दुकानातच परत द्यावा.

यजमानांना बाजाराचा कंटाळा आला, तर स्थानकापलीकडेच मेइजी मंदिराचे सुमारे ७० हेक्टरांचे वन आहे. १९२० मध्ये मंदिर उभे राहिले, तेव्हा देशभरातून लोकांनी दिलेली सुमारे एक लाख झाडे तिथे लावण्यात आली. ते तिथे फिरून येईपर्यंत आपल्या दोघींची दुकाने पाहून होतील.