कलर मोठा की सिक्वेन्स?

सदाशिव पेठ, पुणे

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

हॉस्टेलवर पोकर सुरू झालाय आणि कोण कोणाला मारतं ते लक्षात राहत नाही, असं तू लिहिलंस. पाठ करूच नकोस. तुझ्या आड येतेय ती लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची आपली तीन पत्ती.

तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने येणारी पानं) कलरला (सगळी इस्पिक किंवा सगळी बदाम, अशी एकाच रंगाची पानं) मारतो. पोकरमध्ये उलट: फ्लश, म्हणजे आपला कलर, स्ट्रेटच्या, म्हणजे आपल्या सिक्वेन्सच्या, वर. ही कुणाची लहर नाही. तीन पानांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६ होतात. पाच पानांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश फक्त ५,१०८. दोन पानं वाढली आणि कलर जमणं जास्त अवघड झालं. क्वचित येतं ते वर, हा क्रमामागचा हिशेब. ५२ पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० हात निघतात. त्यांत स्ट्रेट फ्लश, म्हणजे एकाच रंगाचा सिक्वेन्स, दहा-ते-एक्क्याचा रॉयल धरून, ४०. चार एक्के किंवा चार सत्त्या असे चौकडे ६२४. फुल हाऊस, म्हणजे तीन सारखी पानं आणि एक जोडी, ३,७४४. मग फ्लश, स्ट्रेट, तीन सारखी पानं, दोन जोड्या. एक जोडी जवळपास ११ लाख वेळा येते, म्हणून जोडी दिसली की लगेच हुरळायचं नाही. (तीन पत्ती हा हिशेब काटेकोर पाळत नाही. ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, ५२ आणि प्युअर, म्हणजे एकाच रंगाचा, सिक्वेन्स ४८, तरी ट्रेलच मोठी!)

होल्डम या पोकरच्या प्रकारात हातातली दोन आणि टेबलावरची सगळ्यांची पाच, अशा सात पानांतली उत्तम पाच धरायची. खरी भांडणं इथे होतात. टेबलावर एक्का, राजा, राणी, नव्वी, चव्वी. तुझ्याकडे एक्का-सत्ती, मैत्रिणीकडे एक्का-छक्की. कलर कुणाचाच नाही. सत्ती मोठी म्हणून तू जिंकलीस? नाही. दोघींचीही पाच पानं तीच: दोन एक्के, राजा, राणी, नव्वी. डाव निम्मा-निम्मा. सहावं पान कधीच मोजत नाहीत. इस्पिक मोठा की बदाम, हा वादही घालू नका, पोकरच्या हातांत रंगांना मान नसतो. दोन फुल हाऊस भिडले तर आधी तिकडी बघायची, जोडी नंतर.

सरावाला एक गड्डी पुरे. पाच पानं उघडी मांड, दोन-दोन पानांचे चार हात वाट आणि प्रत्येकाची पाचही पानं मोठ्याने म्हण. नुसतं ‘जोडी आहे’ म्हणून थांबू नकोस. आणि पैसे लावू नका, शेंगदाणे लावा. तुझ्या आईला मी तसा शब्द दिलाय.

तुझा,
मामा

ता. क. एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी हा स्ट्रेट सगळ्यांत लहान. तीन पत्तीत एक्का-दुर्री-तिर्रीला बहुतेक घरांत दुसरा नंबर देतात, तो विसर. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री हा तर स्ट्रेटच नव्हे.