गोंदण झाकणारी मुलगी

प्रश्न : आमच्या इंदूरच्या घरी वरच्या खोलीत अलीराजपूरकडची एक भिलाला (भिल्लांपैकी एका आदिवासी समाजाची) मुलगी भाड्याने राहते आणि नर्सिंगचे शिक्षण घेते. हातावरचे गोंदण दिसू नये म्हणून ती मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. आईशी फोनवर बोलताना जिन्यात माझी चाहूल लागली, की लगेच हिंदीवर येते. "स्वतःवर प्रेम करायला शीक," असे मी तिला सांगितले, तर ती नुसती हसली. माझे काय चुकले?

उत्तर : आपली कळकळ खरी आहे, पण ही लाज तिच्या मनात आपोआप उपजलेली नाही, त्यामुळे तिने ती एकटीने काढून टाकावी, ही अपेक्षा तिच्यावर अन्याय करते. इंग्रजांनी 1871च्या कायद्याने कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, 1878च्या वनकायद्याने पिढ्यान्‌पिढ्यांचे रान सरकारी केले, आणि इंग्रजांविरुद्ध लढलेले भिल्ल वीर टंट्या, ज्यांना मध्य प्रदेशातील निमाडात लोक आजही टंट्यामामा म्हणतात, त्यांना 1889 मध्ये जबलपूरला फाशी दिली. जमातींना गुन्हेगार ठरवणारा तो कायदा पुढे बदलत जाऊन अखेर 1952 मध्ये रद्द झाला, तरी त्यामागची नजर गेली नाही. आपल्या मराठी घरांतही 'भिल्ल' हा शब्द मुलांना रागावताना वापरला गेला आहे, हे आपण आधी मान्य करायला हवे.

घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, ही आपलीही रीत. पण त्यासाठी आपल्याला कोणी रानटी म्हटले नाही. 2011च्या जनगणनेत भिली, म्हणजे भिल्लांची भाषा, बोलणारे एक कोटीहून अधिक होते, तरी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, नाही. आपल्या भाषेला कुठेच मान नाही, हे पाहत वाढलेल्या मुलीने आरशापुढे उभे राहून स्वतःवर प्रेम कसे करावे?

न्यूझीलंडमधील माओरींनी 1982 मध्ये 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेची घरटी, सुरू केली. तेथे लहान मुले वडीलधाऱ्यांच्या सहवासात, त्यांच्याच तोंडून माओरी शिकू लागली. स्वतःवरचे प्रेम असे आपल्या माणसांमधून येते, असे मला मनापासून वाटते.

म्हणून तिला यापुढे उपदेश करू नये, आणि बाह्या वर करण्याचा आग्रह तर मुळीच धरू नये. तिची आई भेटायला येईल तेव्हा तिला खालच्या खालीच निरोप न देता ओसरीवर बसवावे, चहा द्यावा, आणि त्या आईच्या हातावरच्या गोंदणाची माहिती तिची इच्छा असेल तर तिच्याकडूनच समजून घ्यावी. आपल्याला तिची बोली कळणार नाही. मुलीलाच मध्ये बसवून अर्थ सांगायला सांगावे.