थार नवी की जुनी? आधी पॉलिसीचे कागद काढा

मुलुंडच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३७, ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, हातात महिन्याला १ लाख ३५ हजार. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, पगार ३५ हजार. मुलगी सहा वर्षांची, आई सोबत राहते. घराच्या कर्जाचे ४८ लाख अजून फेडायचे आहेत, हप्ता ४६ हजार.

त्यांचा प्रश्न असा: मंदीचं वातावरण आहे, शोरूमवाले सूट देतायत. महिंद्राची नवी फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी) डिझेल थार ऑन-रोड जवळपास २० लाखांना पडते. तीच गाडी २०२२ची, ४१ हजार किलोमीटर चाललेली, ठाण्यात पावणेतेरा लाखांना मिळतेय. कोणती घेऊ? की थांबलो तर अजून उतरतील? ९ लाखांची एफडी आहे, त्यातले ६ लाख डाउन पेमेंटला घालायचे, बाकी कर्ज. शनिवार-रविवार ट्रेकिंग ग्रुपना गाडी भाड्याने दिली की निम्मा हप्ता सुटेल, असा त्यांचा हिशेब. नव्या गाडीसाठी २१ हजार भरून बुकिंगही करून ठेवलं आहे.

आणि पत्राच्या शेवटी दोन ओळी: कंपनीत दोनदा कपात झाली, माझा प्रोजेक्ट जूनमध्ये संपतोय. विम्याचं टेन्शन नाही, बँकेतून घेतलेली १५ लाखांची गॅरंटीड पॉलिसी आहे.

विचारलंय त्याचं उत्तर आधी देतो. दोन्हींत निवडायचीच असेल तर जुनी. नव्या गाडीची शोरूम किंमत साडेसोळा लाख. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या डिझेल गाडीला १४ टक्के रोड टॅक्स, म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर. विमा आणि किरकोळ धरून तीन लाख पहिल्याच दिवशी जातात, आणि विकताना ते कोणी देत नाही. (१० लाखांवरच्या गाडीवर विक्रेत्याने कापलेला १ टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला आयकर, मात्र रिटर्न भरताना परत मागता येतो. बरेच जण विसरतात.) चार वर्षांनी वीस लाखांच्या गाडीचे अकरा-बारा लाख येतील, पावणेतेराच्या गाडीचे आठ-साडेआठ. व्याज बघा. नवीवर १४ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षं, व्याज पाच लाख. जुनीवर पावणेसात लाख १३ टक्क्यांनी पाच वर्षं, व्याज अडीच लाख. दर चढा असूनही जुनी स्वस्त पडते. घसारा आणि व्याज मिळून नवीला तेरा लाख, जुनीला सात.

थांबल्यावर किमती उतरतील का? उतरल्याचं आणि चढल्याचं, दोन्ही उदाहरणं आपल्या डोळ्यांसमोर घडली आहेत. मारुती जिम्नी जून २०२३ मध्ये पावणेतेरा लाखांच्या आसपास सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात कंपनीने दहा लाख पंचाहत्तर हजारांच्या आसपास सुरू होणारी आवृत्ती आणली. ज्यांनी पहिल्या महिन्यात घेतली होती त्यांच्या सहा महिने जुन्या गाडीचा भाव एका जाहिरातीने पडला. नव्यावर सूट आली की जुनी आपोआप खाली येते. उलट २०२०च्या लॉकडाउननंतर सगळे म्हणत होते की गाड्या मातीमोल होतील. झालं काय, तर चिपच्या टंचाईने नव्या गाड्यांना महिनोन्‌महिने वेटिंग लागलं आणि जुन्या गाड्यांचे भाव चढले. तेव्हा मंदीत गाडी स्वस्त होणारच या भरवशावर आपलं बजेट बसवू नका.

सौद्यासाठी एक मुद्दा मात्र तुमच्या हातात आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या इंजिनाच्या गाड्यांवर जीएसटी सरसकट ४० टक्के झाला, आधी उपकर धरून तो ४५ ते ५० टक्के होता. ठाण्याचा विक्रेता जर २०२२ला स्वतः मोजलेल्या किमतीवरून भाव सांगत असेल, तर त्याच्यापुढे आजचं नवं कोटेशन ठेवा. आणि फोर-बाय-फोर जुनी घेताना गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. अलिबाग-काशीदच्या वाळूत, खाऱ्या पाण्यात फिरवलेल्या गाडीची चेसिस आणि नटबोल्ट खरं बोलतात. लो-रेंज (चढ-चिखलासाठीचा जास्त जोराचा गिअर) टाकून गाडी चालवून बघा. मोठे टायर, उंच केलेलं सस्पेन्शन असेल तर सोडून द्या, अशा बदलांमुळे विम्याचा दावा अडकतो आणि आरटीओतही प्रश्न येतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

भाड्याचा हिशेब इथेच पुसून टाका. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही. स्वतः चालवायला भाड्याने देणाऱ्या गाड्यांना काळी प्लेट, पिवळी अक्षरं असतात, त्याला वेगळा परवाना लागतो. माळशेजच्या घाटात तुमच्या गाडीला अपघात झाला आणि ती भाड्याने दिल्याचं कळलं, तर विमा कंपनी हात वर करेल आणि जखमी माणसाच्या भरपाईचा दावा तुमच्या घरावर येईल. निम्मा हप्ता सुटणार नाही.

आता मला ज्याची काळजी वाटते ते.

तुमच्या घरात महिन्याला १ लाख ७० हजार येतात. घराचा हप्ता ४६, घरखर्च ६०, शाळेची फी ८, आईची औषधं ५, पॉलिसीचे महिना धरले तर साडेबारा हजार. उरतात साडेअडतीस हजार. नव्या थारचा हप्ता साडेबावीस, डिझेल ७, पार्किंग ३, सर्व्हिस आणि विमा ५. झाले साडेसदतीस. हजार रुपये उरले, आणि हे तुमचा पगार चालू असताना.

जूनमध्ये पगार थांबला असं धरा. गाडी घेतलेली असेल तर एफडीत ३ लाख उरलेत आणि दर महिन्याला पत्नीच्या पगारापलीकडे सव्वा लाखाच्या वर लागतायत. तीन महिनेही जात नाहीत. गाडी घेतली नसेल आणि पॉलिसीचा हप्ता थांबवला असेल तर तूट साधारण ८४ हजार, आणि ९ लाखांत दहा महिने निघतात. नोकरी शोधणाऱ्या माणसाला तीन महिने आणि दहा महिने यांत काय फरक असतो, हे मी कपात झालेल्या घरांतून बघितलं आहे. तीन महिन्यांवाला पहिली मिळेल ती, कमी पगाराची नोकरी घेतो आणि पुढची कित्येक वर्षं त्या पगारावरून वर येत नाही. देशात मंदी आहे की नाही यावर लोक वाद घालू देत, तुमच्या कंपनीत ती आलेली आहे. अशा वेळी ६ लाख रोख घालवून घ्यायची गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी महागच.

आणि ती पॉलिसी. तुम्ही तपशील पाठवलात ते बरं झालं. वर्षाला दीड लाख, बारा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी ३४ लाख, विमा १५ लाख. एफडी करायला गेलात, बँकेतल्या माणसाने "एफडीपेक्षा बरं, शिवाय टॅक्स वाचतो" म्हणून ही गळ्यात मारली. पाच हप्ते, म्हणजे साडेसात लाख भरून झालेत. या पॉलिसीचा परतावा मांडला तर साडेचार टक्क्यांच्या आत-बाहेर येतो. एफडीपेक्षा कमी! वीस वर्षं पैसा अडकवून! आणि टॅक्सचं म्हणाल तर तुम्ही स्वतःच लिहिलंय की नवी कररचना घेतली आहे. नव्या कररचनेत ८०सीची, म्हणजे विम्याच्या हप्त्यावर मिळणारी, वजावट नाही. म्हणजे ज्या कारणासाठी घेतली ते कारणही उरलेलं नाही.

यापेक्षा मोठी चूक विम्याच्या आकड्यात आहे. तुमच्यावर ४८ लाखांचं कर्ज आहे आणि तुमच्यामागे घराला मिळणार आहेत १५ लाख. वर्षाला दीड लाख भरून! तुमच्या वयाच्या निर्व्यसनी माणसाला दीड कोटीचा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा) वर्षाला वीस-पंचवीस हजारांत मिळतो, आणि सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. ज्याने तुम्हाला ही पॉलिसी विकली त्याने तुमचं कर्ज किती, हे विचारलंसुद्धा नाही. पहिल्या हप्त्यातल्या कमिशनवर नजर असली की हा प्रश्न सुचत नाही. मला या विक्रीचा मनापासून राग येतो, कारण तिची किंमत विकणारा कधीच मोजत नाही.

आता काय करायचं. सहावा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, म्हणजे हातात दोन महिने आहेत. आधी टर्मचा अर्ज करा, आजच्या आज. टर्मला पगाराच्या स्लिपा मागतात. नोकरी गेल्यावर तोच अर्ज अवघड होतो. मद्य-तंबाखू, आजार, काहीही लपवू नका. टर्मची पॉलिसी हातात पडली की मगच जुनीचा हप्ता थांबवा, आधी नाही.

थांबवायचा म्हणजे पॉलिसी सरेंडर करायची, मोडून पैसे घ्यायचे, असं नाही. सरेंडर केलीत तर या टप्प्यावर भरलेल्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतील, पावणेचार लाख. ती पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद, पण भरलेल्या हप्त्यांपुरती पॉलिसी चालू. बारापैकी पाच हप्ते भरलेत, त्या प्रमाणात ३४ लाखांचे १४ लाखांच्या आसपास विसाव्या वर्षी मिळतील. नेमका आकडा कंपनीकडून लेखी घ्या, बँकेतल्या माणसाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. उरलेले सात हप्ते भरून तुम्हाला वरचे २० लाख मिळणार होते. तेच सात हप्ते त्याच तारखांना पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी २४ लाख होतात. तो माणूस फोन करेल, "साहेब, एवढी वर्षं भरलेत, आता सोडू नका" म्हणेल. भरलेले पैसे भरले गेले. प्रश्न पुढच्या साडेदहा लाखांचा आहे.

दुसरं, मेडिक्लेम. तुमचा सगळ्यांचा विमा कंपनीचा, नोकरी गेली की तोही गेला. तुम्हा तिघांचा एक वेगळा आणि आईचा स्वतंत्र, असे दोन घ्या. आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षांचं वेटिंग असतं आणि ते पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजतात. आईला औषधं चालू आहेत, म्हणून आज सुरू केलेलं बरं. आईचा हप्ता जड वाटेल, तरी घ्या. टर्म आणि दोन्ही मेडिक्लेम मिळून ऐंशी-नव्वद हजारांच्या घरात बसावं. दीड लाखांतून हे सगळं भागून वर काही उरतं.

गाडीचं म्हणाल तर भंडारदरा, हरिश्चंद्रगड, कोकण, वर्षात पंधरा-वीस दिवस बाहेर पडता असं लिहिलंत. काळ्या प्लेटची फोर-बाय-फोर दिवसाला पाच हजार धरली तरी वर्षाला लाखभर. स्वतःची नवी गाडी महिन्याला साडेसदतीस हजार खाते, म्हणजे वर्षाला साडेचार लाख. मुलीला मागे बसवून घाट चढायची हौस खरी आहे, ती मारायला मी सांगत नाही. नवा प्रोजेक्ट मिळाला, किंवा नवी नोकरी लागून सहा महिने झाले, एफडी ९ लाखांना तशीच शिल्लक आहे आणि टर्म-मेडिक्लेम चालू आहेत, एवढं झालं की जुन्या गाडीचा विषय काढा. तेव्हाही डाउन पेमेंट वेगळं साठवलेलं हवं. एफडीला हात नाही.

राहिलं बुकिंग. गाडीचा चेसिस नंबर तुमच्या नावावर लागायच्या आधी ते रद्द करणं सोपं असतं, इन्व्हॉइस निघाल्यावर शोरूम कापाकापी सुरू करतं. उद्या सकाळी शोरूमला ईमेल करा, बुकिंगची पावती जोडा, परतावा किती दिवसांत आणि कोणत्या खात्यात ते लेखी मागा. सेल्सवाला "फक्त डिलिव्हरी पुढे ढकलू" म्हणेल, त्याला हो म्हणू नका. पैसे खात्यात आले की त्यातून टर्मचा पहिला हप्ता भरा.