वाळवंटातील सरकारी जमिनी आणि पायवाटा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, म्हणजे ॲरिझोना, युटा, नेवाडा आणि दक्षिण कॅलिफोर्नियात, मुलाबाळांकडे जाऊन राहणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे नेहमी येतात. त्यांपैकी वाळवंटातील भटकंतीविषयीचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. राष्ट्रीय उद्यानांची माहिती सगळीकडे मिळते. त्यामुळे येथे भर दिला आहे तो उद्यानांच्या बाहेर पसरलेल्या, फाटक आणि पहारेकरी नसलेल्या सार्वजनिक जमिनींवर.

प्रश्न: आम्ही दोघे साठी ओलांडलेले, मूळचे नागपूरचे. मे ते ऑक्टोबर मुलाकडे फिनिक्सला असतो. घराजवळच डोंगरावर पायवाटा आहेत. आम्हाला उन्हाळ्याची सवय आहे, तरी मुलगा उन्हाची भीती घालतो. ती कितपत खरी?

भीती पूर्णपणे खरी आहे, आणि नागपूरकरांनी ती थोडी अधिकच बाळगावी. नागपूरचा मे महिनाही कडक आणि कोरडाच असतो, पण तिथे भर दुपारी बारा वाजता कोणी डोंगर चढायला निघत नाही. कूलर लावून, पन्हे पिऊन माणूस घरात बसतो. परदेशात सुट्टीच्या मनःस्थितीत हीच सावधगिरी सुटते. फिनिक्समध्ये २०२३ साली ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक राहिले होते, आणि हे तापमान सावलीत मोजलेले असते. उघड्या खडकावर, जिथे सावलीला एक झाडही नसते, तिथे शरीराला सोसावी लागणारी उष्णता याहून बरीच अधिक असते. कोरड्या हवेत घाम येताक्षणीच उडून जातो, सदरा कोरडाच राहतो आणि अंगातून किती पाणी गेले याचा पत्ता लागत नाही.

अशा उन्हात चढण चढताना तासाला सुमारे एक लिटर पाणी लागू शकते. त्याबरोबर खारे काहीतरी खाल्लेच पाहिजे, कारण नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरते, आणि त्याची डोकेदुखी, मळमळ व गोंधळलेपणा ही लक्षणे उष्माघातासारखीच दिसत असल्याने सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात. आपल्या घरचे खारे शेंगदाणे किंवा चिवडा या कामी उत्तम आहे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे हा आमच्या मते ऐच्छिक विषय नाही.

फिनिक्स महापालिका २०२१ पासून अतिउष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी कॅमलबॅक आणि पिएस्टेवा पीक या शहरातल्या डोंगरांवरील अवघड पायवाटा दिवसातील बहुतेक तास बंद ठेवते. कॅमलबॅकची चढण अंतराने सव्वा मैलाच्या आत, पण उंचीने बाराशे फुटांहून अधिक आहे; थोडक्यात, गावाला लागून असलेली टेकडी म्हणून तिच्याकडे पाहू नये. बंदी नसलेल्या दिवशीही सूर्योदयापूर्वी निघून ऊन तापण्याआधी घरी परतावे. संध्याकाळ हा पर्याय तितका चांगला नाही, कारण दिवसभर तापलेला खडक रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो.

खरे तर आपले आईवडील मुलांकडे जातात ते नातवंडांच्या शाळेच्या सुट्टीत, आणि तोच या वाळवंटाचा सर्वांत वाईट काळ असतो. शक्य असल्यास एखादी फेरी नोव्हेंबर ते मार्च या काळात करावी. उन्हाळ्यातच जाणे भाग असेल, तर फिनिक्सहून मोटारीने सुमारे सव्वादोन तासांवर, सात हजार फूट उंचीवर असलेल्या फ्लॅगस्टाफच्या आसपासची पाइनची जंगले गाठावीत. तीही राष्ट्रीय वनविभागाची, म्हणजे सार्वजनिकच जमीन आहे.

प्रश्न: अमेरिकेतील वाळवंटात सरकारी जमिनीवर कुठेही फुकट तंबू ठोकता येतो, असे ऐकले. हे खरे आहे का? की आपल्याकडच्यासारखे कोणी येऊन हटकते? (पुण्यातील एक गिर्यारोहक)

बऱ्याच अंशी खरे आहे, पण ‘कुठेही’ हा शब्द काढून टाकावा. ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ (तिकडे सर्वजण ‘बीएलएम’ म्हणतात) हे खाते १९४६ साली जुने जमीन कार्यालय आणि चराई खाते एकत्र करून स्थापन झाले. त्याच्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या तिपटीहून अधिक. शेतीयोग्य जमिनी वसाहतकऱ्यांना वाटल्यावर कोणी न मागितलेली उजाड जमीन सरकारकडे उरली. तिला मोठ्या प्रमाणावरचे गायरान समजले, तर तिचे बरेचसे वर्तन कळते. त्यावर गुरे चरतात, खाणी चालतात, लोक नेमबाजीचा सराव करतात, मोटारसायकली पळवतात आणि पायीही भटकतात. १९७६ च्या कायद्याने हा बहुविध वापर हेच खात्याचे धोरण ठरवले. त्यामुळे उद्यानातील शांतता येथे गृहीत धरू नये, आणि गुरांसाठी घातलेल्या कुंपणाचे फाटक ज्या स्थितीत मिळेल, त्याच स्थितीत ठेवून पुढे जावे.

सर्वसाधारण नियम असा की, एका जागी २८ दिवसांच्या काळात १४ दिवसांपर्यंत मुक्काम करता येतो. आधीच वापरात असलेली, वनस्पती नसलेली जागा निवडावी. पाणवठ्याजवळ मुक्काम टाळावा; ॲरिझोनात तर एकुलत्या पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत तळ ठोकून जनावरांची वाट अडवणे कायद्यानेच निषिद्ध आहे. आगीवर हंगामी बंदी असते. पाणी, कचराकुंडी आणि शौचालय यांपैकी काहीही मिळणार नाही. सह्याद्रीत वाट चुकली तरी तास-दोन तासांत एखादा धनगरवाडा लागतो, निदान हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर गुराखी असतो. त्या भरवशावर वाढलेल्या गिर्यारोहकाने येथे पाण्याचा हिशेब वेगळा करावा: माणशी, दर दिवशी, किमान चार लिटर, आणि मोटारीत वेगळा राखीव साठा.

खरी गोम मालकीत आहे. नकाशावर एकसलग दिसणाऱ्या माळरानात बीएलएमची, राज्य सरकारची, खासगी आणि आदिवासी राष्ट्रांची जमीन एकमेकींत मिसळलेली असते आणि बहुतेक ठिकाणी मध्ये कुंपणही नसते. ॲरिझोनातील ‘स्टेट ट्रस्ट’ जमीन नावाने सरकारी असली, तरी ती शाळांसारख्या संस्थांच्या उत्पन्नासाठी राखलेली आहे. तिच्यावर फिरायला परवाना काढावा लागतो. नवाहो या आदिवासी राष्ट्राच्या भूमीवर त्यांचे स्वतःचे नियम चालतात, आणि छायाचित्रांमुळे आपल्याकडे प्रसिद्ध झालेल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अधिकृत मार्गदर्शकाशिवाय प्रवेशच नाही. म्हणून जागा ठरवण्याआधी ती कोणाची हे पाहावे. मालकीनुसार रंगवलेले नकाशे बीएलएमच्या कार्यालयांत आणि भटकंतीच्या ॲपमध्ये मिळतात.

प्रश्न: युटातील अरुंद घळींमध्ये निरभ्र आकाशाखाली लोक पुरात वाहून गेल्याच्या बातम्या वाचतो. पाऊस नसताना पूर येतो कसा, आणि आधी काही सुगावा लागतो का? (मुंबई)

पाऊस असतोच, पण तो आपल्या डोक्यावर नसतो. या घळींचे पाणलोट क्षेत्र कित्येक मैल दूरपर्यंत पसरलेले असते. तेथे माती थोडी आणि उघडा वालुकाश्म फार; त्यामुळे तासाभराच्या वळवाचे पाणी मुरत नाही, उतारावरून थेट ओढ्यांत आणि ओढ्यांतून घळीत येते. रुंद पात्रात घोट्याएवढे दिसणारे पाणी दोन मीटर रुंदीच्या फटीत शिरले की डोक्यावरून जाते, आणि ते नुसते पाणी नसते, तर चिखल, दगड व ओंडके यांचा लोंढा असतो. अँटिलोप कॅन्यनच्या खालच्या भागात १२ ऑगस्ट १९९७ रोजी अकरा पर्यटक असेच दगावले. वादळ घळीपासून मैलोगणती दूर झाले होते. सप्टेंबर २०१५ मध्ये झायन उद्यानातील कीहोल कॅन्यनमध्ये सात जणांचा बळी गेला.

ॲरिझोना-युटाच्या सीमेवरील बक्स्किन गल्च ही बीएलएमच्या ताब्यातील घळ जगातील सर्वांत लांब घळींपैकी एक मानली जाते. तिच्यात चालताना मान वर केली, तर दोन भिंतींमध्ये आडवे अडकून बसलेले झाडांचे ओंडके दिसतात, आणि ते तेथे पाण्यानेच नेऊन ठेवलेले असतात. त्यांच्या उंचीवरून पुराचा अंदाज घ्यावा. बाहेर चढून येण्याच्या जागा मैलोगणती नाहीत.

सुगावा म्हणाल, तर पाणी अचानक गढूळ होणे, काटक्या वाहत येणे, दूरवरून घरघर ऐकू येणे ही चिन्हे सांगितली जातात. पण ती जाणवेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो, त्यामुळे त्यांच्या भरवशावर आत शिरणे आम्हाला मान्य नाही. निर्णय घळीच्या तोंडाशी नव्हे, तर सकाळी हवामानखात्याचा अंदाज पाहून घ्यावा, आणि तोही संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा, केवळ जवळच्या गावाचा नव्हे. या भागाचा पावसाळा १५ जून ते ३० सप्टेंबर असा धरतात. त्या काळात दुपारी वादळाची थोडीही शक्यता वर्तवली असेल, तर घळीचा बेत सोडून उघड्या पठारावरील एखादी वाट सकाळीच उरकावी. गाडीभाडे आणि रजा वाया जाते हे खरे, पण हा युक्तिवाद घळीच्या बाबतीत चालत नाही.

प्रश्न: ॲरिझोना-युटा सीमेजवळ बीएलएमच्या जमिनीवर असलेल्या ‘द वेव्ह’ या लाटांसारख्या खडकाचा परवाना चार वेळा अर्ज करूनही लागला नाही. काही युक्ती आहे का? (सॅन होजे)

युक्ती नाही, सोडतच आहे. २०२१ पासून दिवसाला ६४ जणांना परवानगी मिळते: ४८ जणांची निवड चार महिने आधीच्या ऑनलाइन सोडतीतून होते आणि १६ जणांची त्या परिसरात असतानाच मोबाइलवरून भरायच्या अर्जातून. हिवाळ्यातील आठवड्याच्या मधले दिवस मागितल्यास शक्यता थोडी वाढते, इतकेच. परवाना मिळाल्यावरही लक्षात घ्यावे की जाऊन-येऊन सहा मैलांहून अधिक असलेल्या या चालीत आखलेली वाट नाही. परवान्याबरोबर खाणाखुणांची छायाचित्रे देतात आणि त्यांवरून मार्ग काढायचा असतो. जुलै २०१३ मध्ये याच वाटेवर उष्णतेने तिघांचा मृत्यू झाला होता.

एकाच छायाचित्रासाठी वर्षभर सोडती भरण्याचा हट्ट आम्हाला फारसा समजत नाही. युटातील मोआब गावाजवळची कोरोना आर्च ही खडकाची कमान बीएलएमच्याच जमिनीवर, सुमारे तीन मैलांच्या येण्याजाण्यात, परवान्याशिवाय पाहता येते.

प्रश्न: पायवाट सोडली म्हणून एका स्वयंसेवकाने आमच्या मुलांना टोकले. वाळूवर चालल्याने वाळूचे काय बिघडते? (औरंगाबादहून मोआबला गेलेले कुटुंब)

मुले ज्यावरून धावली, ती बहुधा नुसती वाळू नव्हती. गुडघे टेकून जवळून पाहिल्यास तेथे काळपट, खडबडीत, बोटाच्या पेराएवढ्या उंचवट्यांचा थर दिसतो. हा जिवंत थर आहे. सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्मजीव चिकट आवरणाचे तंतू सोडून वाळूचे कण एकमेकांना बांधतात. पुढे त्यावर दगडफूल आणि शेवाळ वाढते. हा थर पावसाचे पाणी धरतो, हवेतील नायट्रोजन जमिनीत आणतो आणि वाऱ्याला माती उचलू देत नाही. कोरडा असताना तो पापडासारखा ठिसूळ असतो, आणि एका पावलाने तुटलेला भाग पूर्ववत होण्यास कित्येक दशके लागू शकतात. थर तुटला की धूळ उठते, आणि तीच धूळ कोलोरॅडोच्या पर्वतांतील बर्फावर बसून, काळसर झालेले बर्फ लवकर वितळवते.

म्हणून चालावे ते आखलेल्या वाटेवर, उघड्या खडकावर किंवा कोरड्या ओढ्याच्या पात्रात. मुलांना धावायचेच असेल, तर खडक आहेच.

प्रश्न: आठवण म्हणून दगड आणले तर चालतात का?

राष्ट्रीय उद्यानातून एक खडाही नाही. बीएलएमच्या बहुतेक जमिनीवर स्वतःपुरते थोडे दगड घेता येतात; अश्मीभूत लाकडाची तर मर्यादाच ठरलेली आहे, दिवसाला २५ पौंड आणि एक तुकडा, वर्षाला एकूण २५० पौंड. मात्र काही विशेष संरक्षित क्षेत्रांत तेही चालत नाही. मडक्यांची खापरे, बाणांची टोके आणि पृष्ठवंशीय प्राण्यांचे जीवाश्म यांना कुठेच हात लावू नये. तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो.

प्रश्न: भाड्याच्या मोटारीने कच्च्या रस्त्यावर जाता येईल का? तेथे मोबाइल चालत नाही म्हणतात.

आधी भाडेकरार वाचावा. अनेक करारांत कच्चा रस्ता वर्ज्य असतो आणि अडकल्यास मोटार ओढून आणण्याचा मोठा खर्च आपल्यावर येतो. कोरडा असताना सपाट वाटणारा मातीचा रस्ता थोड्या पावसाने साबणासारखा निसरडा होतो, मग चार चाकांना ताकद देणारी मोटारही उपयोगी पडत नाही. नकाशाचे ॲप जवळचा म्हणून दाखवते तो रस्ता पुष्कळदा जुन्या खाणीचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. मोटार बंद पडल्यास तिच्याजवळच थांबावे, कारण शोधपथकाला माणसापेक्षा मोटार लवकर दिसते. मोहावी वाळवंटाच्या भागात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीखाली सावलीसाठी कासव येऊन बसते. निघण्यापूर्वी खाली वाकून पाहावे आणि कासव असल्यास ते स्वतःहून जाईपर्यंत थांबावे. त्याला उचलल्यास ते घाबरून साठवलेले पाणी सोडते, आणि उन्हाळ्यात ते पाणी त्याला पुन्हा मिळत नाही.

मोबाइलचे म्हणणे खरे आहे. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरण भाड्यानेही मिळते, ते घ्यावे. येथे नोंदवहीत नाव घालून आत सोडणारा कोणी नसतो, तेव्हा कोणत्या वाटेने जाणार, मोटार कुठे उभी करणार आणि किती वाजेपर्यंत फोन न आल्यास शोध सुरू करायचा, हे घरी कागदावर लिहून ठेवावे. शोध आणि सुटकेचे काम बहुतेक ठिकाणी त्या काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) शेरीफकडे, म्हणजे तेथील पोलीसप्रमुखाकडे असते, त्यामुळे काउंटीचे नावही त्याच कागदावर असावे.